वीरधवल खाडे : कोल्हापूरचा आशियाई पदकविजेता जलतरणपटू

कुस्ती आणि फुटबॉलच्या या नगरीला आंतरराष्ट्रीय जलतरणाच्या नकाशावर नेणारा खेळाडू म्हणजे वीरधवल खाडे. २९ ऑगस्ट १९९१ रोजी त्याचा जन्म कोल्हापुरात झाला. पंचगंगेत किंवा विहिरीत पोहायला शिकणे ही येथील मुलांची जुनी रीत. मात्र शर्यतीचे पोहणे हे निराळेच शास्त्र. त्यासाठी वीरधवलला घरापासून दूर, बंगळूरला प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे जावे लागले.

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तो उतरला तेव्हा त्याला सतरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. तेथे त्याने ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल या तिन्ही शर्यतींत भाग घेतला. २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक पटकावले. १९८६ मध्ये सोल येथे खजानसिंग यांनी रौप्य जिंकल्यानंतर जलतरणात भारताला आशियाई पदकासाठी तब्बल २४ वर्षे वाट पाहावी लागली होती. २०११ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

राज्य शासनाने या कामगिरीची दखल घेऊन त्याला तहसीलदारपदी नियुक्त केले. मालवणचा तहसीलदार म्हणून त्याने काम पाहिले. नोकरीने खेळाडूच्या आयुष्याला स्थैर्य येते, हे खरेच. परंतु रोज पहाटे व सायंकाळी तलावात उतरावे लागणाऱ्या खेळाडूला महसुली कामकाजाचे वेळापत्रक कसे मानवणार? ऐन उमेदीची काही वर्षे तो स्पर्धांपासून दूर राहिला. समुद्रकिनारीच्या तालुक्याचा कारभार पाहणारा हा जलतरणपटू शर्यतीच्या पाण्याला मात्र पारखा झाला होता.

तरीही तो परतला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला. अंतिम फेरीत त्याची वेळ २२.४७ सेकंद होती. कांस्यपदक मिळविणाऱ्या जपानच्या शुनिची नाकाओची २२.४६! सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक हुकले. अंतराच्या हिशेबात सांगायचे तर जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे. प्राथमिक फेरीतील वेळ अंतिम फेरीत साधली असती, तर पदक त्याचेच होते. सरावातून गेलेल्या त्या वर्षांची किंमत याच अंतरात मोजावी लागली, असे येथील क्रीडाप्रेमींना वाटल्यास नवल नाही.

२०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळताना त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले आणि तेथेच स्पर्धात्मक जलतरणाचा निरोप घेतला. महिलांच्या याच शर्यतीचे सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता खाडे हिने मिळविले.