तळटीप : 'ड्रायव्हर काढला' म्हणजे नेमके काय?

* लेखकाने इथे 'ड्रायव्हर काढून टाकला' एवढेच म्हटले आहे. पण खरी मेख त्याच क्षणात आहे. लिनक्समधले नेटवर्क ड्रायव्हर सवडीची कामे, उदाहरणार्थ अडकलेले कार्ड पुन्हा सुरू करणे, 'वर्कक्यू'च्या रांगेत टाकतात. यूएसबीचा वाय-फाय डोंगल उपसला तरी रांगेतले काम तसेच उरते. 'फ्री_नेटडेव्ह'ने मेमरी परत केल्यावर ते सुरू झाले, तर एव्हाना दुसऱ्याच्या ताब्यात गेलेल्या जागेवर ते लिहू लागते. म्हणून आधी 'कॅन्सल_वर्क_सिंक' : ते रांगेतले काम काढते आणि चालू असलेले संपेपर्यंत थांबते. हे थांबणेच महत्त्वाचे. मात्र त्या कामाला नेटवर्क यंत्रणेचे सामायिक 'आरटीएनएल' कुलूप हवे असेल आणि आपण तेच धरून वाट पाहत बसलो, तर दोघेही कायमचे अडकतात. अशा कामासाठी माझ्या मते योग्य जागा एकच : कार्डाची नोंद काढून ते कुलूप सोडणाऱ्या 'अनरजिस्टर_नेटडेव्ह'नंतर, 'फ्री_नेटडेव्ह'पूर्वी. शिवाय इंटरप्ट आधीच बंद हवा; नाहीतर रद्द केलेले काम तो पुन्हा रांगेत लावतो. लिनक्सच्या २०२४मधील ६.१० आवृत्तीत आलेले 'डिसेबल_वर्क_सिंक' ही वाटही बंद करते. — संपादक