पावसाच्या मुलखातला वणवा

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. माथेरानच्या पठारावर तो पाच मीटरच्या आसपास जातो. आणि याच मुलखात फेब्रुवारी-मार्चच्या रात्री मुंबई-गोवा रस्त्याने जाताना डोंगराच्या अंगावर लाल नागमोडी रेघ सरकताना दिसते. इतक्या पावसाच्या प्रदेशात वणवा लागतो कसा, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर 'उन्हाळ्यात गवत वाळते म्हणून' एवढ्यावर आपण त्याची बोळवण करतो. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. दीडशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर सरकारने एका वाक्यात दिले होते, आणि त्या वाक्याची किंमत कुलाबा जिल्ह्यातल्या माणसांनी मोजली. (१९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते.) म्हणून आधी हवेचा विचार करू आणि मग इतिहासाकडे वळू.

पाऊस मोजताना आपण वर्षाची बेरीज सांगतो. ती बेरीज वणव्याला कळत नाही. इथला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो. उरलेले सात-आठ महिने कोरडे. शिवाय हा पाऊसच वणव्याचे सरपण तयार करतो. चार महिन्यांत उघड्या डोंगरउतारावर गवत कमरेइतके, कधी खांद्याइतके वाढते. नोव्हेंबरात ते पिवळे पडते, जानेवारीत खडखडीत वाळते. पाठोपाठ साग, ऐन, पळस पाने टाकतात आणि रानात पातेऱ्याचा थर साचतो. खऱ्या वाळवंटात वणवा फारसा लागत नाही, कारण जळायलाच काही नसते. भरपूर वाढू देणारा पाऊस आणि त्यानंतर पूर्ण वाळवणारा दीर्घ उन्हाळा, अशी जोडी जिथे असते तिथेच मोठे वणवे लागतात. कॅलिफोर्नियाच्या किनारी डोंगरांतही हेच आहे, फक्त तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो.

आता हवा. वाळलेली काडी म्हणजे निर्जीव, तिच्यातले पाणी एकदा गेले की गेले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती भोवतालच्या हवेतील बाष्पाशी सतत देवाणघेवाण करीत असते. हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ८० असेल तर वाळक्या गवतात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १५ टक्के पाणी असते. आर्द्रता २० वर उतरली की ते ५ टक्क्यांच्या आसपास येते. बारीक काडीला हा बदल करायला तासभर पुरतो, मनगटाएवढ्या फांदीला बरेच दिवस लागतात. म्हणून दव पडलेल्या पहाटे काडी ओढूनही न पेटणारे गवत दुपारी तीनला एका ठिणगीने भडकते. हे वर्गात सहज दाखवता येईल. वाळक्या गवताची एक पेंडी सावलीत टांगावी आणि सकाळी सहाला व दुपारी तीनला वजन करावे. शंभर ग्रॅमच्या पेंडीत काही ग्रॅमचा फरक दिसेल. ओल्या आणि कोरड्या फुग्याचे तापमापक शाळेत असतील तर त्याच वेळी त्यांची नोंद घ्यावी. आठवड्याभरात विद्यार्थी स्वतःच आलेख काढू शकतील.

किनाऱ्याजवळ ही आर्द्रता कोण ठरवते? खारे वारे आणि मतलई वारे. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई, दिवसा समुद्राकडून खारा, हे आपण सहावी-सातवीत शिकवतो. मार्चमध्ये एरवी दुपारच्या आधीच खारा वारा सुटतो आणि अलिबाग-मुरूडची हवा दमट होते. पण काही दिवशी दख्खनच्या पठारावरून पूर्वेचा वारा जोरात येतो आणि खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतो. हा पूर्वेचा वारा सह्याद्री उतरून येतो, हे महत्त्वाचे. खाली येणारी हवा दाबली जाते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंश तापते. पठारावर ६०० मीटर उंचीवर हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता शेकडा २० आहे असे धरा. तीच हवा बाहेरून बाष्प न मिळवता समुद्रसपाटीला आली तर ३६ अंशांवर जाईल आणि तिची आर्द्रता १५ च्या आसपास राहील. बाष्प तेवढेच, पण तापलेल्या हवेची बाष्प सामावण्याची क्षमता वाढलेली, म्हणून टक्का घसरतो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले. मार्चमधल्या अशा असह्य दुपारी बहुधा पूर्वेच्या वाऱ्याच्याच असतात. कर्जत, खालापूर, सुधागड अशा घाटपायथ्याच्या तालुक्यांत तर खारा वारा मुळातच उशिरा पोचतो, त्यामुळे तिथली दुपार किनाऱ्यापेक्षा जास्त कोरडी असते.

खारा वारा आला म्हणजे सुटका झाली, असेही नाही. तो दमट असला तरी काडीला ओल धरायला वेळ लागतो; आणि तोवर वाऱ्याची दिशा मात्र एकदम उलटते. पूर्वेच्या वाऱ्याने पश्चिमेकडे सरकणाऱ्या वणव्याची कड अचानक डोंगर चढू लागते. चढावर ज्वाला पुढच्या गवताला अगोदरच भाजून ठेवतात. ऑस्ट्रेलियात ॲलन मॅकार्थर यांनी घालून दिलेला ढोबळ नियम असा, की उताराचा कोन दर दहा अंशांनी वाढला की चढत्या आगीचा वेग दुप्पट होतो. वणवा विझवायला गेलेल्या माणसाने आगीच्या वरच्या अंगाला उभे राहू नये ते यासाठी.

इतके सगळे जुळून आले तरी ठिणगी लागतेच. कोकणात वीज पडते ती मुख्यतः पावसाळ्याच्या आगेमागे, पावसासोबत. फेब्रुवारीत विजेने वणवा लागण्याचा संभव अगदी थोडा. म्हणजे ठिणगी माणसाची. पण कोणत्या माणसाची? इथून इतिहास सुरू होतो.

भारतात सरकारी वनखात्याची घडी १८६४ साली डिट्रिख ब्रँडिस हे वनमहानिरीक्षक झाल्यावर बसली. जर्मनीत शिकलेल्या वनशास्त्राला आग म्हणजे शुद्ध हानी वाटे. मध्य प्रांतात बोरीच्या जंगलात पिअर्सन या अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात जाळरेषा आखून वणवा बाहेर ठेवून दाखवला आणि तो प्रयोग देशभर आदर्श मानला गेला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांची चौकट पक्की केली. मुंबई इलाख्यात ठाणे आणि कुलाबा हे जिल्हे मुंबईच्या लाकडाची, सरपणाची आणि गवताची गरज भागवणारे, म्हणून तिथे बंदोबस्त कडक झाला. आणि तिथेच तो राबाला जाऊन भिडला.

राब आपल्या वाचकांपैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. भाताचे रोप जिथे करायचे त्या वाफ्यावर शेण, झाडांचा तोडलेला कवळ, गवत, पातेरा असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि पावसाळ्यापूर्वी तो पेटवायचा. पेटवताना वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग सावकाश सरकते आणि माती खोलवर भाजते. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये भातशेतीच्या वर्णनात हा राब आहे. कवळासाठी शेतकऱ्याकडे वरकस जमीन असे, तिथल्या झाडांच्या फांद्या दरसाल छाटल्या जात. वनखात्याच्या दृष्टीने ही छाटणी म्हणजे झाडांची नासाडी आणि राबाची आग म्हणजे वणव्याचे मूळ. निर्बंध आले. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात वनखात्याने रयतेची गायराने आणि डोंगर गिळल्याची तक्रार आहे, ती याच काळातली. ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वनचौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राब हा त्या चौकशीतला एक मुख्य प्रश्न होता: राबाशिवाय भात होतो की नाही?

हा प्रश्न प्रयोगाने सुटण्यासारखा होता, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात हॅरल्ड मॅन यांनी ना. वि. जोशी व ना. वि. कानिटकर या सहकाऱ्यांसह राबपद्धतीचा रासायनिक अभ्यास केला आणि तो १९१२ मध्ये शेतीखात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. तीनच वर्षे आधी इंग्लंडमध्ये रॉथॅम्स्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी माती तापवली की तिची सुपीकता का वाढते यावर लिहिले होते. आज आपल्याला माहीत आहे की राबात दोन कामे एकदम होतात. राखेतून पालाश आणि स्फुरद मिळतो. आणि माती तापल्याने तणांचे बी व कीड मरते, तसेच सेंद्रिय द्रव्यात अडकलेले नत्र अमोनियाच्या रूपात मोकळे होते. कवळ तोडण्याने झाडांचे नुकसान होतेच, आणि तेच पोषण आज शेणखताने व थोड्या रासायनिक खताने पुरवता येते, हेही खरे. पण कुलाब्याचा शेतकरी अडाणीपणाने लाकूड जाळतो, हा जो सूर सरकारी कागदांत होता, तो टिकणारा नव्हता.

राबातून वणवा लागत असे का? काही वेळा नक्कीच लागत असणार. मात्र वर पाहिलेल्या हवेच्या हिशेबाने तपासले तर राब आणि वणवा या एकाच जातीच्या आगी नव्हेत. गुंठा-दोन गुंठ्यांच्या, मातीने झाकलेल्या, खाचरात रचलेल्या ढिगाची आग वेगळी आणि उतारावरच्या उभ्या गवताची आग वेगळी. सकाळी, वारा पडलेला असताना पेटवलेला राब दुपारपर्यंत विझून जातो. पूर्वेच्या वाऱ्याच्या दुपारी, उताराच्या तळाशी टाकलेली विडी मात्र सबंध डोंगर घेऊन जाते. कोणती आग, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठल्या जागी, असा भेद कायद्याने केलाच नाही. उलट १९२७ च्या वनकायद्याच्या कलम २६ मध्ये अशी तरतूद आहे की राखीव जंगलात जाणूनबुजून वा घोर हयगयीने आग लागली तर त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क सरकार काही मुदतीसाठी बंद करू शकते. म्हणजे काडी एकाने ओढायची आणि गुरे साऱ्या गावाची उपाशी राहायची. हा कायदा आजही लागू आहे.

जंगल, गवत आणि सरपण यांवरचा राग १९३० मध्ये बाहेर पडला. उरणजवळच्या चिरनेर गावी २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही मारले गेले. त्यांत नाग्या महादू कातकरी होते. सरकारी बाजूचे मामलेदार केशव महादेव जोशी हेही त्या गोळीबारात गेले. या सत्याग्रहाचे कारण वणवा नव्हते, पण ज्या बंदोबस्ताविरुद्ध तो होता, त्या बंदोबस्ताचे समर्थन नेहमी दोन शब्दांत होत असे: तोड आणि आग.

आणि गंमत अशी की खुद्द वनशास्त्रज्ञांतच आगीबद्दल शंका निघाली होती. ब्रह्मदेशात काम केलेल्या स्लेड यांनी १८९६ मध्ये 'इंडियन फॉरेस्टर'मध्ये लिहिले की आगीपासून जरा जास्तच संरक्षण होत आहे. वणवा थांबवलेल्या रानात सागाची नवी रोपे उगवेनाशी झाली आहेत. सागाचे जाड कवचाचे बी थोड्या भाजण्याने उमलते आणि त्याच्या रोपाला ऊन लागते. आपल्याकडच्या ऐनाची भेगाळलेली, मगरीच्या पाठीसारखी साल किंवा कुंभ्याची जाड साल पाहा. ही आगीतून तगणारी झाडे आहेत. (कुंभ्याच्या सालीची वात पूर्वी तोड्याच्या बंदुकीला वापरत, सावकाश धुमसत राहण्याचा तिचा गुण लोकांनी हेरला होता.) याचा अर्थ वणवे चांगले, असा मुळीच नाही. दरसाल त्याच उतारावर वणवा फिरला तर कोवळी रोपे वाचत नाहीत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि सरपटणारे प्राणी मरतात, आणि उघड्या पडलेल्या मातीवर जूनचा पहिला पाऊस कोसळतो. शेवटी गवत तेवढे उरते, म्हणजे पुढच्या वणव्याचे सरपण. माथेरानच्या माथ्यावरचे सदाहरित रान आणि खालचे उघडे गवताळ उतार यांतला फरक काही अंशी असाच घडला आहे. माथ्यावर दाट सावलीत पातेरा ओलसर राहतो, आग आत शिरत नाही. जुन्या देवरायांचे तेच. एकदा का कडेची सावली विरळ झाली की मात्र गवत आत येते आणि त्याच्यासोबत आगही.

कॅनडाच्या वनखात्याने १९७० मध्ये तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस या चार नोंदींवरून रोजचा आग-हवामान निर्देशांक काढण्याची पद्धत अमलात आणली. ठिणगी कोण टाकेल हे ती सांगत नाही. पडलेली ठिणगी आज किती धावेल एवढेच सांगते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने वणव्यांच्या सूचना देण्यास सुरुवात केली, आणि आता ती धोक्याचे आगाऊ इशारेही देते. वणवे टिपणाऱ्या एका उपग्रह-उपकरणाचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे सुमारे चौदा हेक्टर. आणि ते उपकरण आपल्यावरून दुपारी व मध्यरात्री दीडच्या सुमारास जाते. सकाळी पेटवून विझवलेला गुंठ्याचा राब त्याला बहुधा दिसतही नाही, संध्याकाळी पायथ्याशी लागून रात्रभर माथ्याकडे चढणारा वणवा दिसतो. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते आहे, कारण मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामने कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदी बिघडल्या असत्या. तेवढ्याच चिकाटीने घाटपायथ्याच्या एखाद्या शाळेने दुपारी तीनची आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि त्या दिवशी समोरच्या डोंगरावर वणवा दिसला की नाही, एवढ्या तीन गोष्टी जानेवारी ते मे रोज वहीत लिहिल्या, तर दोन-तीन वर्षांत पूर्वेच्या वाऱ्याचे दिवस वेगळे काढता येतील. वहीला एक रकाना आणखी ठेवावा: त्या दिवशी गावात राब किती जणांनी भाजला.