कॅसेटमधले पाठभेद

‘अभिजात’ हा शब्द वर्गात आम्ही सैलपणे वापरीत नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर विद्यार्थी या शब्दाचे निकष विचारतात आणि आम्ही प्राचीनता, सातत्य, स्वतंत्र परंपरा असे ठरीव उत्तर देतो. मात्र जुनी कृती पुन्हापुन्हा हाताळावीशी का वाटते, हा प्रश्न आम्हां दोघांना प्रथम पडला तो ग्रंथालयात नव्हे. अरुणावतीकाठच्या आर्णीत, टीव्हीसमोर जमिनीवर बसून तो पडला.

निन्टेन्डो कंपनीचे फॅमिकॉम हे खेळयंत्र 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये विक्रीस आले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे पसरल्या त्या बहुतांशी त्याच्या स्वस्त नकला. आम्हां दोघांपैकी एकाच्या घरी असा ‘व्हिडिओ गेम’ आला तो कापसाचा चुकारा हाती पडल्यावर. दुसरीच्या घरी तो आलाच नाही. तासाच्या भाड्याने खेळायला देणारे दुकान गावात होते. पण तिथे मुलींनी जाण्याची रीत नव्हती. भाऊ खेळून येई आणि रात्री सांगे; ती वहीच्या मागच्या पानांवर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे नकाशे काढी. पुढे नोकरी लागल्यावर तिने तो खेळ प्रथम हाती घेतला, तेव्हा चौथ्या नळीतून खाली उतरण्याची वाट भावाने सांगितली होती तिथेच निघाली. मौखिक परंपरेच्या विश्वासार्हतेवर व्याख्यान देताना आम्हांला ही वही आठवते.

त्या कॅसेटींचा पाठचिकित्सेच्या अंगानेही विचार करता येतो. पडद्यावर शेकडो खेळांची यादी उमटे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच. एकच खेळ वेगवेगळ्या नावांनी येई. कुठे तो मधल्याच टप्प्यापासून सुरू होई, कुठे खेळाडूला जास्तीचे जीव मिळत. कित्येकदा मूळ कंपनीचे नावही पुसलेले असे. ‘कॉन्ट्रा’ हा 1987चा खेळ आमच्याकडे अशाच पाठांतून पोहोचला. तीस जीव देणारी त्यातली कळांची ओळ मूळची 1986च्या ‘ग्रेडियस’मधली. काझुहिसा हाशिमोतो यांना खेळाची चाचणी घेताना तो फार अवघड वाटला, म्हणून त्यांनी स्वतःसाठी ही सोय केली आणि ती तशीच राहून गेली. लेखनिकाची समासातली खूण संहितेत शिरावी, तसे हे घडले. ज्ञानेश्वरीच्या प्रतींतले अपपाठ दूर करण्यासाठी 1584 साली एकनाथ होते. या कॅसेटींना असा संपादक लाभला नाही. तरीही खेळ टिकले.

ते का टिकले? 1985च्या ‘सुपर मारिओ’ची संपूर्ण संहिता 40 किलोबाइटची, या लेखासारखे चार लेख साठवायला साधारण तेवढी जागा लागेल. त्याचा पहिला पडदा पाहावा. समोरून शत्रू येतो, उडी मारावी लागते, डोके विटेवर आपटते, अळंबी बाहेर पडते आणि नळीवर आपटून आपल्याकडेच परतते. एका शब्दाविना नियम शिकवून होतात. जपानी किंवा इंग्रजी न येणाऱ्या आर्णीच्या मुलाला हे पुरेसे होते. अलेक्सी पाझित्नोव यांनी 1984 साली मॉस्कोत रचलेल्या ‘टेट्रिस’चेही तेच. शिवाय ‘मारिओ’त खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ. आणि वीज नेहमीच जाई. त्यातून जे घडले ते पाठांतरच होते, आणि पाठ असलेल्या कवितेप्रमाणे प्रत्येक आवृत्तीत नवा बारकावा हाती लागे.

सर्वच टिकले, असे मात्र नाही. 1984चा ‘डक हंट’ आज मूळ बंदुकीने खेळता येत नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो टिपे. हा हिशेब जुन्या काचनळीच्या टीव्हीवरच जमे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते आणि प्रत्येक नेम चुकतो. संहिता अक्षरशः शाबूत आहे, वाचनाचे साधन गेले आहे. मोडीतल्या दप्तरांसमोर बसलेल्या अभ्यासकाला ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने 2012 साली ‘पॅक-मॅन’ व ‘टेट्रिस’ आपल्या संग्रहात घेतले. या खेळांची जपणूक तिथे होईल. पण तालुक्याच्या गावातले भाड्याचे दुकान, नाव पुसलेली कॅसेट, दुकानात न गेलेल्या मुलीची वही, ही त्यांच्या वाचकांची बाजू कोणत्याही स्थानिक इतिहासात आम्हांला आढळलेली नाही. ती अजून माणसांच्या स्मरणात आहे आणि ती माणसे आता चाळिशी ओलांडत आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरी हे विचारून लिहून ठेवावे. भावांना विचारावेच, पण बहिणींना आधी.