फवारणीतील सहायक द्रव्ये

कीटकनाशक, बुरशीनाशक किंवा तणनाशकाचा परिणाम वाढावा म्हणून फवारणीच्या द्रावणात मिसळले जाणारे पूरक पदार्थ. कीड, रोग वा तण मारणे हे त्यांचे काम नव्हे. द्रावण पसरवणारी, चिकटवणारी, पानात मुरवणारी, पाण्याचा सामू वा कठीणपणा सावरणारी असे त्यांचे प्रकार असले, तरी कृषी सेवा केंद्रात बहुतेकांना सरसकट ‘स्टिकर’ म्हणतात. त्यामुळे पसरवणाऱ्या द्रव्याची गरज असताना चिकटवणारे घेतले जाण्याची शक्यता राहते.

कांदा, लसूण, कोबी यांच्या पानांवर मेणाचा थर असतो. कांद्याची पात तर उभी, नळीसारखी. साध्या पाण्याचा थेंब तिच्यावर गोळा होतो, घरंगळतो आणि औषध मातीत जाते. पाण्याचा पृष्ठताण २५° से. तापमानाला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. नेहमीच्या पसरवणाऱ्या द्रव्यांनी तो तिशीच्या घरात येतो, तर सिलिकॉनयुक्त द्रव्यांनी २० ते २२पर्यंत उतरतो. मग थेंब पसरट होऊन पात भिजते आणि आतल्या पानांच्या बेचक्यात दडलेल्या फुलकिड्यांपर्यंत द्रावण पोचू शकते. सिलिकॉनची मात्रा मात्र अगदी थोडी लागते. ती वाढली की द्रावण पानावर न थांबता ओघळते, कोवळी पालवी करपण्याचाही धोका असतो.

चिकटवणाऱ्या द्रव्यांची खरी कसोटी पावसात लागते. सुपारीवरील कोळेरोग ऐन पावसाळ्यात येतो आणि मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण सरींनी धुऊन जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी या रोगावर काम करताना बोर्डो मिश्रणात राळ व सोड्याचे चिकट द्रव्य वापरले. पुढे पश्चिम किनाऱ्याच्या बागायतीत ही पद्धत रुजली. आंतरप्रवाही औषधाला अशा चिकटपणाची गरज तुलनेने कमी. ते पानात मुरले की पावसाचे भय सरते.

पाण्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. विम्लधर्मी पाण्यात कॅप्टानसारखे बुरशीनाशक झपाट्याने विघटित होते. सामू पुरेसा चढलेला असेल तर काही मिनिटेही पुरतात. अशा वेळी सायट्रिक आम्लाने सामू उतरवणे हे कोणत्याही महाग स्टिकरपेक्षा अधिक उपयोगाचे. कठीण पाण्यातील कॅल्शियम ग्लायफोसेटला बांधून ठेवते, म्हणून टाकीत आधी अमोनियम सल्फेट विरघळवून नंतर तणनाशक घालतात. बोर्डो मिश्रणात मात्र आम्ल घालू नये, कारण त्याचे तांबे एकदम विरघळून पाने भाजतात.

घरगुती सहायकेही शास्त्राला धरूनच आहेत. ५ टक्के निंबोळी अर्कात साबणाचा चुरा घालतात तो तेलकट अंश पाण्यात मिसळून राहावा म्हणून. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठीच्या विषाणूजन्य कीटकनाशकात कपडे शुभ्र करणारा राणीपाल मिसळतात; तो अतिनील किरण शोषून विषाणूचे उन्हापासून रक्षण करतो.

औषध पानात मुरवणारे द्रव्य ते माणसाच्या त्वचेतही अधिक सहज शिरवू शकते. हातमोजे आणि अंगभर कपडे त्यामुळे अधिकच आवश्यक ठरतात. सहायक द्रव्य स्वतःही निर्धोक असेलच असे नाही. ग्लायफोसेटमध्ये वापरले जाणारे चरबीजन्य अमाइन मानवी आरोग्याला अपायकारक ठरण्याच्या चिंतेमुळे युरोपीय संघाने २०१६ मध्ये त्या तणनाशकात त्याच्या वापरावर बंदी घातली.