कागद, वर्राक आणि बगदादचा बाजार

इस्लामी सुवर्णकाळाचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेली नावे येतात. इब्न सिना, अल-ख्वारिझ्मी, अल-बिरुनी. वक्तृत्व स्पर्धेपासून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डपर्यंत हीच यादी फिरत असते. यादी खोटी नाही. पण हे सगळे विद्वान ज्याच्यावर लिहीत होते, त्या कागदाचे नाव तिच्यात कधीच नसते. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी.

कागद मुसलमानांनी शोधला नाही, तो चीनचा. इ.स. १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने तो सम्राटाला सादर केला, अशी चिनी परंपरा सांगते. उत्खननात त्याहूनही जुने तुकडे मिळाले आहेत. आपल्याकडे तो कसा आला, याची एक कथा अरबी ग्रंथांत आहे. ७५१ मध्ये तलास नदीकाठी अब्बासी आणि चिनी फौजांची लढाई झाली, चिनी कैदी समरकंदला आणले गेले आणि त्यांच्यात कागद करणारे कारागीर निघाले. कथा छान आहे म्हणून टिकली. पण मध्य आशियात कागद त्याच्या कितीतरी आधी वापरात होता. सोगदी व्यापाऱ्यांची चौथ्या शतकातली, कागदावर लिहिलेली पत्रे सापडली आहेत. तेव्हा कागद तलवारीमागून आला यापेक्षा व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला, हे मला जास्त पटते.

समरकंद-बगदादच्या कारागिरांनी मात्र त्याचे रूप बदलले. जुन्या कापडाच्या चिंध्या आणि दोरखंड भिजवायचे, कुटायचे, लगदा जाळीवर उचलायचा, निथळू द्यायचा, वाळवायचा. मग त्याला गव्हाची खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने किंवा काचेने घोटायचे. ही खळ फार महत्त्वाची. चिनी कुंचल्याला मऊ कागद चालतो. बोरूचे टोक त्यावर अडते आणि शाई फुटते. घोटलेल्या कागदावर बोरू सरळ धावतो.

खलीफा मन्सूरने ७६२ मध्ये बगदाद वसवायला घेतले. तीसेक वर्षांत, हारून अल-रशीदच्या काळात, बर्मकी वजीर घराण्याच्या पुढाकाराने तिथे कागद बनू लागला. हे घराणे मूळचे बल्खचे, तिथल्या नवबहार या बौद्ध विहाराचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. कारण मात्र विद्येचे नव्हते, दफ्तराचे होते. चामड्यावरची शाई खरवडून आकडा बदलता येतो. कागद शाई पिऊन घेतो, खाडाखोड लपत नाही. महसुलाचा हिशेब ठेवणाऱ्या सरकारला आणखी काय हवे? सातबाराच्या नोंदीसाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला हे वेगळे समजवायला नको.

कारकुनांसाठी आलेला कागद लवकरच बाजारात उतरला. नवव्या शतकातला लेखक याकूबी बगदादमध्ये वर्राकांची शंभराहून जास्त दुकाने असल्याचे नोंदवतो. वर्राक म्हणजे कागद विकणारा, नक्कल करून देणारा आणि पुस्तके विकणाराही. बसऱ्याचा जाहिझ ही दुकाने भाड्याने घेऊन रात्रभर आत वाचत बसे, असे सांगतात. हे सांगणारा इब्न अल-नदीम स्वतः वर्राक होता. त्याने ९८७ मध्ये 'अल-फिहरिस्त' लिहिला, म्हणजे अरबीत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची सूची, दहा भागांत. त्यात सुश्रुताच्या ग्रंथाचीही नोंद आहे. बर्मकी वजीर याह्याच्या सांगण्यावरून मनका नावाच्या भारतीयाने तो अरबीत आणला होता.

'मुसलमानांनी सगळे उसने घेतले' असे कुणी म्हणाले की आपली मुले चिडतात. मी म्हणतो, चिडू नका, हो म्हणा. हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता, साबित इब्न कुर्रा हर्रानचा साबी. गेलेनचा एक ग्रंथ मिळावा म्हणून हुनैन इराक, शाम, पॅलेस्टाईन करत इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियापर्यंत फिरला आणि दमास्कसला त्याला तो अर्धाच मिळाला. उसने घेण्यासाठी इतके पाय झिजवणारे लोक मला तरी लहान वाटत नाहीत.

आणि घेतलेले तसेच ठेवले नाही. भारतीय अंकपद्धती तिकडे गेली ती धूळपाटीसकट. आकडे धुळीत लिहायचे, पुसायचे, पुढची पायरी मांडायची. दमास्कसमध्ये ९५२ च्या सुमारास उक्लीदिसी नावाच्या गणितज्ञाने हिंदी हिशेबावर पुस्तक लिहिले आणि धूळपाटी सोडून हेच गणित कागदावर, न पुसता कसे करायचे ते दाखवले. एक कारण मोठे मजेशीर आहे. धूळपाटी घेऊन बसले की माणूस रस्त्यावरच्या ज्योतिष्यासारखा दिसतो, अशी त्याची तक्रार. पण न पुसल्यामुळे प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर राहते, चूक शोधता येते. दशांश अपूर्णांकांचा एक अगदी जुना वापर याच पुस्तकात आढळतो.

पुढे कागद उत्तर आफ्रिकेतून स्पेनला गेला. शातिबाच्या कागदाची बाराव्या शतकात अल-इद्रीसीने तारीफ केली आहे. तेराव्या शतकात इटलीत फाब्रियानोला कागद बनू लागला. आपण 'एक रीम कागद' म्हणतो, त्यातला रीम हा इंग्रजीतून आलेला शब्द मुळात अरबी 'रिज्मा', म्हणजे गठ्ठा. दस्ता फारसी. कागद, कलम, दौत, शाई, दफ्तर, जिल्द, रद्दी ही सगळी मंडळी त्याच वाटेने मराठीत आलेली.

दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात सांगतात की मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी हलवली, तेव्हा कागद करणारेही सोबत आले. जुन्नरी आणि दौलताबादी कागद मराठेशाहीच्या कारभारात नावाजलेला होता. पुण्यातला कागदीपुरा या कारागिरांच्याच नावाचा. राज्ये बदलली तरी कागदी मंडळी लगदा कुटत राहिली. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना क्वचित एखादी ओळ मिळते.

एक गोष्ट मात्र मला बोचते. कागद इतक्या लवकर उचलणाऱ्यांनी छापखाना इतक्या उशिरा का घेतला? स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना उस्मानी राज्याने आसरा दिला आणि त्यांनी १४९३ मध्ये इस्तंबूलला हिब्रू छापखाना काढला. तुर्कांना आपला छापखाना काढायला आणखी दोनशेहून अधिक वर्षे लागली. 'मौलवींनी अडवले' हे उत्तर फार सोपे आहे. इब्राहीम मुतफर्रिकाला १७२७ मध्ये परवानगी मिळाली ती शेखुल-इस्लामच्या फतव्यासह, फक्त धार्मिक ग्रंथ वगळून. एकमेकांना जोडून लिहिली जाणारी अक्षरे, त्यांचे महागडे खिळे, नकलनविसांची पोटे आणि सुंदर हस्ताक्षराचा लळा, हे सगळेच त्यात आले. मला वाटते, वर्राकांची व्यवस्था इतकी चांगली चालत होती की नव्याची निकड कुणाला भासलीच नाही. मुतफर्रिकाचे पहिले पुस्तक १७२९ मध्ये निघाले, एक शब्दकोश. त्याच्या हयातीत त्या छापखान्यातून एकूण १७ पुस्तके बाहेर पडली.