सारं हायब्रीड झालं : एका टोमण्याची कुळकथा

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे लोककवी बशीर मोमीन कवठेकर यांचं ‘सारं हायब्रीड झालं’ हे गाणं तमाशाच्या बोर्डावर गाजलं. पण त्याचं मूळ शेतात आहे.

1964 साली सीएसएच-1 हे संकरित ज्वारीचं देशातलं पहिलं वाण आलं. उतारा भरघोस; पण ताट बुटकं, म्हणजे जनावरांना कडबा कमी. कणीस पावसात सापडलं की दाणा काळा पडायचा. बियाणं दरसाल विकतचं. आणि मालदांडीच्या भाकरीवर वाढलेल्या जिभेला ही भाकरी रुचेना. लोकांनी ‘ज्वारी’ गाळून तिला नुसतं ‘हायब्रीड’ केलं. मग दिसायला टपोरं पण चवीला फिकं, ते सगळंच हायब्रीड ठरू लागलं, माणसंसुद्धा. कवठेकरांनी गावाच्या तोंडचा हा शब्द उचलला आणि चालीवर बसवला.

नव्याच्या नादाला असा चिमटा काढणारं एक गाणं इटलीतल्या नेपल्सच्या बोलीतही आहे. रेनातो कारोसोने यांनी ते 1956 मध्ये गायलं. त्यातला पोरगा व्हिस्की-सोडा पितो, रॉक अँड रोल नाचतो, अमेरिकन होऊ पाहतो; सिगारेटचे पैसे मात्र आईच्या पर्समधून येतात. 2010 मध्ये ‘योलांडा बी कूल’ आणि ‘डीकप’ या ऑस्ट्रेलियन मंडळींनी त्याचा नवा अवतार काढला. तो जगभर वाजला. ठेका राहिला, चिमटा बराचसा गळून गेला.

आपल्याकडे तमाशात उलटी रीत आहे. चाल ओळखीची घ्यायची आणि शब्द ताजे भरायचे. कवठेकरांनी अशा गाण्यांतून फॅशनचं फॅड झोडपलं, रात्रीच्या शाळेला चला म्हणूनही सांगितलं. दत्ता महाडिक पुणेकर, रघुवीर खेडकर यांच्या फडांसाठी त्यांनी लिहिलं. शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. 2021 मध्ये ते गेले.

शिरूरहून न्हावरेमार्गे दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला यावं. तिथे संगीत बारीची थिएटरं आहेत. फर्माईश आली की पेटी-ढोलकीवर जुनी चीज पुन्हा उभी राहते. फडांत आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही आले. येऊ द्यावेत. मात्र ‘हायब्रीड’ कुणी नव्याने बांधलं, तर शब्द ऐकू येतील एवढी जागा वाद्यांनी सोडलीच पाहिजे. न्हावऱ्याला साखर कारखाना झाला, आसपासची पुष्कळ रानं उसाखाली गेली. तिथल्या आजच्या पोराने सीएसएच-1 ची भाकरी खाल्लेली नाही. तिची चव त्याला आता या गाण्याच्या शब्दांतूनच कळणार.