पहिली गाडी कुठली? – बेळगावच्या शिकाऊ पोरांचा पन्नास वर्षांचा हिशेब

१९७० च्या आसपास बेळगावात कुणाच्या दारात नवी स्कूटर उभी राहिली की गल्लीतला पहिला प्रश्न किमतीचा नसायचा. "नंबर कधी लावला होतास?" असा असायचा. बजाजची स्कूटर म्हणजे नाव नोंदवा, अनामत भरा आणि वाट बघा. काहींची वाट दहा-दहा वर्षं लांबायची. मुलगा शाळेत असताना बापानं नंबर लावायचा आणि गाडी यायची ती मुलाच्या लग्नात, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. पण त्यात गंमत कमी आणि खरं जास्त होतं.

मी कॉमर्सचा पदवीधर. आयुष्य बँकेत गेलं, त्यातली बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर. आपल्या घरांत पहिली मोटारसायकल कशी आली ते मी अर्जांच्या रूपानं बघितलं. शिकाऊ माणसाच्या त्या अर्जामागं नेहमी चार रकाने असायचे. मिळेल का? झेपेल का? दुरुस्त होईल का? आणि उद्या विकायची वेळ आली तर पैसे येतील का? गाड्या बदलल्या, सरकारं बदलली, पण रकाने तेच राहिले. फक्त कुठल्या रकान्याला वजन जास्त, ते काळाप्रमाणं बदलत गेलं.

पहिला रकाना 'मिळेल का' हाच मोठा होता, कारण कारखान्यानं किती गाड्या करायच्या हे तेव्हा सरकारी परवान्यावर ठरायचं. मोटारसायकलीत नाव घेण्यासारखे कारखाने तीन. मद्रासची एनफिल्ड, १९५५ सालची. लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट हवी होती, त्यातून हा कारखाना उभा राहिला. दुसरी म्हैसूरची आयडियल जावा, १९६० च्या सुमारास रुस्तम इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या सहकार्यानं सुरू केलेली. तिसरी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत, मूळ पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. मोटारसायकलीला स्कूटरइतकी रांग नसायची. त्यामुळं घरातला मोठा मुलगा नोकरीला लागला आणि स्कूटरचा नंबर अजून लांब असला, की घरच्यांचा विचार आपोआप मोटारसायकलीकडं वळायचा.

यात आमच्या भागाची एक मौज सांगायला पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. पुढं काय झालं ते सीमाभागातल्या घरांना मी सांगायला नको. पण आमच्या पोरांची सगळ्यात लाडकी गाडी कुठली? तर म्हैसूरची जावा! सीमाप्रश्नाच्या सभेला पोरं जावावर डबलसीट जायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. राग सरकारवर होता, गाडीवर नव्हता. १९७० च्या दशकात जावाचं नाव येझदी झालं आणि १९७३ ला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. आमच्या घरातले म्हातारे दोन्हींना शेवटपर्यंत जुन्याच नावानं हाक मारत होते.

जावा लाडकी असण्याला कारण होतं. शिकाऊ माणसाला ती सांभाळून घ्यायची. नवशिक्याची निम्मी फजिती क्लचमध्ये होते. डाव्या हाताची मूठ एकदम सुटली की गाडी उडी मारते आणि बंद पडते. जावाला गिअरची कांडी पायानं दाबली की क्लच आपोआप सुटायचा, त्यामुळं गिअर बदलताना हात चुकला तरी गाडी निभावून न्यायची. किक आणि गिअर यांना मिळून कांडी एकच. आत दाबून वर फिरवली की किक, खाली आणली की गिअर. नवा माणूस आधी गोंधळायचा, मग चार दिवसांत चारचौघांना शिकवायला लागायचा.

बुलेटचं तसं नव्हतं. ती वजनानं एकशे साठ किलोच्या वर. चालू करायची म्हणजे टाकीपुढच्या अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसरची कळ दाबायची, मग किक. हिशेब चुकला की किक उलटी यायची आणि पायाची नडगी सुजायची. त्यात गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. बुलेटवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला आणि समोर म्हैस आडवी आली, की घाईत ब्रेक समजून गिअर दाबायचा. बुलेटचा गिअर डावीकडं यायला नवं शतक उजाडावं लागलं. म्हणून आमच्याकडं बुलेट पहिली गाडी म्हणून सहसा कुणी घेत नसे. ती पोलिसाची, जमीनदाराची, नाहीतर कंत्राटदाराची गाडी.

राजदूत होती कष्टकऱ्याची. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळीकडून शहरात येणारे दूधवाले तिला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायचे. वेग बेताचा, पण खेड्यातल्या रस्त्यावर मुकाट्यानं चालणारी. १९७३ ला 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूरनं राजदूतची छोटी गाडी चालवली. तेव्हापासून त्या गाडीचं कागदावरचं नाव जीटीएस १७५ कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, सगळ्यांसाठी ती बॉबी झाली. कॉलेजची पोरं बॉबी मागायची आणि बाप म्हणायचा, "दूधवाल्याकडं आहे ती घे, तिला सामान मिळतं."

बापाच्या त्या बोलण्यात तिसरा रकाना होता. दुरुस्त होईल का? टिळकवाडी, शहापूर, वडगाव, कॅम्प, जिथं तिथं एक मिस्त्री असायचाच. खोक्यावर बसून प्लग घासणारा, पॉईंट जुळवणारा, कार्ब्युरेटर उघडून फुंकणारा. आपल्या गावात फौंड्र्या आणि लेथ पूर्वीपासून. एखादा भाग बाजारात मिळाला नाही तर उद्यमबागेत ओळखीनं करून मिळायचा. मिस्त्रीला ज्या गाडीची खोड माहीत, ती गाडी चांगली. नव्या गिऱ्हाइकाला एक मिस्त्री सांगायचे, "साहेब, गाडी स्टँडवरून खाली घ्या, थोडी तिरकी करा, आता सरळ करा बघू. जमतंय? मग किंमत विचारा." आजवर वाचलेल्या सगळ्या जाहिरातींपेक्षा ही परीक्षा मला जास्त खरी वाटते.

शिकायची जागा म्हणजे टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो मैदान. रविवारी सकाळी एक गाडी आणि पाच शिकाऊ. ज्याची गाडी त्याला चहा पाजायचा आणि पेट्रोलला वर्गणी काढायची. मैदानावर जमलं की खरी परीक्षा रेल्वे गेटवर. फाटक उघडलं की बैलगाडी, सायकली, टेम्पो, सगळे एकदम निघायचे. त्या गर्दीत गाडी बंद न पाडता रूळ ओलांडले, की घरी येऊन सांगायचं, "आली मला."

याच काळात पेट्रोलचा प्रश्न आला. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जगभर तेल महागलं आणि 'झेपेल का' या रकान्यात पायांबरोबर खिसाही आला. त्याच्या आधी वर्षभर, १९७२ ला, फिरोदियांच्या कायनेटिकनं लुना काढली होती. ५० सीसी, पायडल मारता येणारी, गिअर नसलेली. मोटारसायकलवाले तिला हसायचे. पण आपल्या घरांतल्या शिक्षिका, नर्स, पोस्टातल्या बायका पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर बसल्या त्या लुनावर. आणि कितीतरी पोरांनी रस्ता शिकला तो बहिणीच्या लुनावरच, कबूल करोत न करोत.

मग जपान आलं. १९८४ ला इंड-सुझुकी, १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्स-यामाहाची आरएक्स १००, १९८६ ला कावासाकी बजाज. दोन-तीन वर्षांत सगळं चित्र पालटलं. सगळ्या शंभर सीसीच्या, हलक्या, एका किकेत चालू होणाऱ्या. पहिला रकाना हळूहळू हलका झाला. आता खरोखरच 'कुठली घेऊ' असं विचारता यायला लागलं.

माझ्या टेबलापुढं बाप आणि मुलगा असे जोडीनं यायचे. मुलाला आरएक्स पाहिजे, बापाला सीडी १००. मी मध्ये पडायचो नाही, फक्त कागदावर हिशेब मांडून द्यायचो. रोजचे तीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, झाले साडेसातशे. लिटरला तीस देणारी गाडी असेल तर पंचवीस लिटर, साठ देणारी असेल तर साडेबारा. फरकाच्या साडेबारा लिटरमधून हप्त्याचा किती भाग निघतो ते तुम्हीच बघा. सीडी १०० चार स्ट्रोकची, म्हणून पेट्रोल कमी पिणारी आणि पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची कटकट नाही. आरएक्स दोन स्ट्रोकची, अंगानं हलकी आणि पळायला हरणासारखी. बाप आकडे बघायचा, मुलगा खिडकीबाहेर बघायचा.

एक अर्ज मात्र विसरता येत नाही. त्या दशकाच्या शेवटी आमच्या एका खातेदारानं मुलासाठी वेगवान गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोष गाडीचा नव्हता. मुलानं तोवर फक्त लुना चालवली होती. आठवड्याच्या आत खानापूर रोडवर तो गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. विम्याचे पैसे यायला दीड वर्ष लागलं. तोवर वडील दर महिन्याच्या पाच तारखेला येऊन हप्ता भरायचे. एकही चुकवला नाही. पावती घ्यायचे, नीट घडी घालून खिशात ठेवायचे आणि कुणाशी न बोलता जायचे. त्यानंतर कर्जाच्या अर्जावर सही घेताना मी मुलाला न चुकता विचारायला लागलो, "आतापर्यंत काय चालवलंयस?" फॉर्ममध्ये असा प्रश्न कुठंच नव्हता.

१ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. गिअरच्या गाडीला वय अठरा, आधी शिकाऊ परवाना, गाडीवर लाल 'एल', मागं बसवायचा तर शिकवणारा परवानाधारकच, आणि हेल्मेट. त्याच सुमाराला आपल्या पाट्यांवर केए-२२ आलं. कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या गाडीवर एमएच-०९. सख्खे चुलत भाऊ, गाड्या एकाच मॉडेलच्या, पाट्या दोन राज्यांच्या!

चौथा रकाना, विकली तर पैसे येतील का, याचं उत्तर मला गोव्यात मिळालं. चोर्ला किंवा अनमोड घाटातून उतरून म्हापशाला, मडगावला गेलं की पिवळ्या मडगार्डचे मोटारसायकल पायलट उभे असतात. दिवसाची कमाई गाडीवर. चढ, पाऊस, मागं बसलेलं गिऱ्हाईक, हातात माशांची पिशवी. हा माणूस जी गाडी घेतो तिला सामान मिळतं, ती कमी पितं आणि जुनी झाली तरी विकली जाते. कारण त्याला हौस परवडत नाही. नवशिक्यांनी गाडी घेण्याआधी पायलटांच्या थांब्यावर अर्धा तास उभं राहावं, असं मी तेव्हा सांगायचो, अजूनही सांगतो.

आता बघा. गाडी शोरूममध्ये तयार उभी. कर्ज फोनवर, बसल्या जागी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळं घाईत ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरण्याचा धोका कमी होतो. आमच्या वेळी हे असतं तर कितीतरी घरं वाचली असती. जावा २०१८ ला परत आली, येझदी २०२२ ला. बघून बरं वाटलं. दहा वर्षांची रांग मला अजिबात परत नको आहे.

पण त्या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट नकळत होत होती. नंबर येईपर्यंत पोरगं दुसऱ्याच्या गाडीवर शिकायचं. जामीनदार सही करताना विचारायचा. मिस्त्री गाडी तिरकी करायला लावायचा. बँकेत कुणीतरी चष्म्यावरून बघायचं. 'झेपेल का' हा प्रश्न चार माणसं विचारायची. आता रांग नाही, जामीनदार नाही, मिस्त्रीच्या जागी सर्व्हिस सेंटर आहे. पहिले सगळे रकाने भरले गेले आणि नेमका हा एक रिकामा राहिला. तो भरायचं काम आता घरच्यांचं.

म्हणून शिकाऊ मुला-मुलींसाठी या म्हाताऱ्याचं एवढंच सांगणं. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. तिरकी झालेली गाडी एकट्याला सरळ करता आली पाहिजे. पहिली गाडी शंभर-सव्वाशे सीसीची, शक्यतो ओळखीतली जुनी घ्यावी. ती एकदा तरी पडणारच, तेव्हा जीव हळहळू नये. वाचलेल्या पैशातून चांगलं हेल्मेट घ्यावं. साडेतीनशेची हौस वर्षभरानं करावी, ती कुठं पळून जात नाही.

तुमच्या घरातली पहिली गाडी कुठली होती, कुठल्या सालची, कुणी कुणाला कुठं शिकवली, जरूर लिहा. इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या मंडळींनीही लिहावं. तिकडचे रस्ते वेगळे, हिशेबही वेगळा असेल. आणि जुनं आरसी बुक कपाटात असेल तर रद्दीत घालू नका. त्यावरचा बँकेचा शिक्का, मालकांची नावं, राज्याचं बदललेलं नाव, हा आपल्याच घराचा इतिहास आहे.